शुगरची पुडी, गुडमारची गोळी, विजयसारचा पेला : सोलापूरच्या बाजारातली पारख

मधला मारुती ते टिळक चौक या पट्ट्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानात घटकाभर उभे राहिले, की एक संवाद हमखास कानावर पडतो. "शुगरचं चूर्ण द्या की ओ." "आठ जिनसांचं देऊ का अकरा?" गिऱ्हाईक अकराचेच मागते, कारण जिनसा जास्त तेवढा गुण जास्त असा सरळ हिशेब. पुडी बांधून हातात येते. तिच्यावर ना जिनसांची नावे, ना प्रमाण, ना दळल्याची तारीख.

हिशेब मात्र उलटा आहे. चहाच्या सपाट चमच्यात चूर्ण मावते तीन ते चार ग्रॅम. त्याला अकराने भागा, एकेका जिनसेच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम येतो. मेथीसारख्या वस्तूचा परिणाम दिसायला दिवसाला पाच ग्रॅम तरी पोटात जावी लागते. म्हणजे पुडीत सगळे असते आणि कशाचाच डोस पुरा नसतो. त्यातही स्वस्त जिनसा जास्त आणि महाग जिनसा नावापुरत्या, हा धंद्याचा नियम इथेही लागू. आठ आणि अकरा जिनसांच्या सुट्या पुड्यांना म्हणून आमच्याकडून शून्य गुण.

बाकीच्या मालाचा निकाल आधीच सांगून टाकतो. साखर आणि कोलेस्टेरॉल या दोन्हींसाठी पैसे वसूल होतात ते मेथी आणि इसबगोलात. गुडमार आणि दारुहळदीतले बर्बेरिन ही खरोखरची औषधे आहेत, म्हणून ती लेबल वाचून आणि डॉक्टरांना सांगूनच घ्यावीत. विजयसारचा पेला, बाटलीतला अर्क आणि कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळ, हे दुकानातच राहू द्यावे.

मेथीपासून सुरुवात करू. तिच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंक भरपूर असतो. भिजला की तो बुळबुळीत होतो, जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो आणि जेवणानंतरची साखर एकदम न चढता सावकाश चढते. हाच चिकटा आतड्यात पित्ताम्ल धरून ठेवतो. मग नवे पित्ताम्ल तयार करायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने यावर बरेच काम केले आहे. तिथल्या प्रयोगांत मेथीची मात्रा २५ ग्रॅमपासून, तेल काढलेल्या पुडीच्या बाबतीत थेट १०० ग्रॅमपर्यंत गेली होती. घरात इतके कुणी खाणार नाही. १० ग्रॅम मात्र सहज जमते.

चहाचा एक सपाट चमचा मेथीदाणा म्हणजे साधारण चार ग्रॅम. अडीच चमचे दाणे रात्री भिजवावेत आणि सकाळी पाण्यासकट चावून खावेत. नुसते पाणी पिऊन दाणे टाकून देणाऱ्यांनी चोथाच टाकलेला असतो. अख्खे दाणे न चावता गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. आपल्याकडे त्याहून सोपी वाट भाकरीची. एक किलो ज्वारीबरोबर ५० ग्रॅम मेथी दळून आणायची. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागते असे धरले तर दर भाकरीत जवळपास तीन ग्रॅम मेथी जाते. दिवसाला तीन भाकरी खाणाऱ्याचा डोस जेवणातच भागला, आणि जेवणासोबत गेल्यामुळे तो नेमक्या वेळीही गेला. हे पीठ पाणी जास्त ओढते, म्हणून ते गरम पाण्यात मळून दहा मिनिटे झाकून ठेवावे, नाहीतर भाकरी कडेला फाटते. ५० ग्रॅमच्या वर गेलात तर कडूपणा लपत नाही आणि घरातली बाकीची मंडळी डबा वेगळा करायला लावतात.

पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घेतली की पोट फुगते, गॅस होतो, कुणाला जुलाब लागतात. एका चमच्याने सुरू करून दोन आठवड्यांत वाढवत नेली तर हा त्रास टळतो. लघवीला आणि घामाला मेथीसारखा वास येतो, त्याला घाबरू नये. गरोदर बाईने भाजीपुरतीच मेथी ठेवावी, औषधाच्या मात्रेत घेऊ नये. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला मेथीनेही पुरळ येऊ शकतो, कारण दोन्ही शेंगवर्गातली.

इसबगोलाला आपण पोट साफ होण्याच्या पंगतीत बसवून ठेवले आहे, पण कोलेस्टेरॉलच्या बाबतीत या सगळ्या यादीत सर्वांत भक्कम पुरावा त्याचाच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलाच्या पाकिटावर हृदयरोगाचा धोका कमी होण्याबाबतचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला सात ग्रॅम विरघळणारा चोथा मिळेल या अटीवर. भुशीच्या मापात ते साधारण दहा ग्रॅम भरतात. एवढ्या मात्रेवर एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल, पाच ते दहा टक्के उतरते. १६० असेल तर १५० च्या आसपास येईल. ज्याला डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लिहून दिली आहे त्याचे एवढ्याने भागणार नाही, पण गोळीच्या जोडीला हे चालते.

घेण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. रात्री कोमट दुधातून एकदाच घेतलेला इसबगोल बद्धकोष्ठाचा. साखर-कोलेस्टेरॉलसाठी तो दोन्ही जेवणांआधी पाच-पाच ग्रॅम, पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा. ढवळून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्याची खीर झालेली असते. पाणी कमी पडले तर तो घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतो, म्हणून गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना देऊ नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे. भुशी औषध धरून ठेवते आणि मग "थायरॉइड अचानक वाढलं" म्हणून गोळीचा डोस उगाच वाढतो. मेडिकलमध्ये संत्र्याच्या, लिंबाच्या चवीची पाकिटे मिळतात. त्यांच्या मागच्या बाजूला घटकांत साखर लिहिलेली नाही ना, ते वाचावे. शुगर उतरवायला साखर घातलेला इसबगोल नेणारे लोक आहेत. साधी, पांढरट-गुलाबी, हलकी, धूळ नसलेली भुशी घ्यावी.

गुडमार, आपल्याकडच्या रानात बेडकीचा पाला म्हणतात तो, हे या बाजारातले सर्वांत रंजक झाड. शिवाय दुकानात उभ्या उभ्या अस्सलपणा तपासता येतो असे दुसरे औषध यात नाही. चिमूटभर पूड जिभेवर पसरून मिनिटभर घोळवा, थुंका, चूळ भरा. आता साखरेचे चार दाणे जिभेवर ठेवा. पूड खरी असेल तर साखर वाळूसारखी बेचव लागते, गोडीचा मागमूस राहत नाही. पानातली जिम्नेमिक आम्ले जिभेवरचे गोड चवीचे ग्राहक काही काळ अडवतात, अर्ध्या-पाऊण तासाने चव परत येते. साखर नेहमीसारखीच गोड लागली तर दुकानदाराने दुसरा कुठला तरी पाला किंवा जुना, जोर गेलेला माल दिला आहे. कॅप्सूल फोडूनही हीच परीक्षा करता येते. पण तिच्यातून आम्ले आहेत एवढेच कळते, किती आहेत ते नाही. आणि जीभ फसली म्हणून रक्तातली साखर उतरली असे होत नाही, ती दोन वेगळी कामे.

साखर उतरण्याबाबत मद्रासला १९९० मध्ये झालेला अभ्यास विक्रेते नेहमी पुढे करतात. २२ रुग्ण, रोज ४०० मिलिग्रॅम अर्क, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला, दीड वर्षाहून जास्त काळ. त्यातल्या पाचजणांच्या गोळ्या सुटल्या. आकडा ऐकायला छान आहे, पण त्यात चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनेचा गट नव्हता, म्हणून श्रेय पूर्ण गुडमारला देता येत नाही. घ्यायचेच तर २५ टक्के जिम्नेमिक आम्ल असे छापलेल्या अर्काच्या २०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल दिवसाला, जेवणाआधी. गुडमारने यकृताला सूज आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अन्न नकोसे झाले, तर कॅप्सूल तिथल्या तिथे बंद.

लेबल वाचायचे म्हणजे काय, ते इथेच सांगून घेऊ. "५०० मिलिग्रॅम गुडमार" एवढ्याने काही कळत नाही. पूड आहे की अर्क? अर्क असेल तर किती पटीचा? १०:१ म्हणजे दहा किलो पाल्यातून एक किलो अर्क निघाला. हे प्रमाण कच्च्या मालाचे आहे, गुणाचे नव्हे. निकृष्ट पाल्याचाही १०:१ अर्क निघतोच. कामाचा आकडा म्हणजे मुख्य घटकाची टक्केवारी. ती नसलेली बाटली परत ठेवावी. आणखी एक गोम : अर्क फवारून वाळवताना त्याला कोरडेपणा यावा म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. हा स्टार्चपासून केलेला, साखरेइतकाच चटकन पचणारा पदार्थ. कॅप्सूलमध्ये तो नगण्य असतो, पण "शुगर फ्री" म्हणून विकल्या जाणाऱ्या चमचाभर घ्यायच्या ड्रिंक पावडरीत तो चांगला ग्रॅम-दोन ग्रॅम निघू शकतो. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, अन्नपूरक असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक, यांपैकी एकही नसेल तर पुढे वाचायची गरजच नाही.

बर्बेरिन हे दारुहळदीच्या मुळातले आणि सालीतले पिवळे द्रव्य. यादीतले हे सर्वांत जोरकस, आणि सर्वांत जपून वापरायचे. ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणासोबत, या मात्रेवर चीनमधल्या चाचण्यांत साखर आणि एलडीएल दोन्ही खाली आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदाच देऊन ३२ जणांचे एलडीएल तीन महिन्यांत सरासरी २५ टक्के उतरले होते. स्टॅटिनपेक्षा वेगळ्या वाटेने ते यकृतावरचे एलडीएल-ग्राहक वाढवते. आता दुसरी बाजू. यकृतातली जी यंत्रणा अनेक औषधे मोडते तिलाच ते अडवते, त्यामुळे काही स्टॅटिन, मूत्रपिंड रोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन, काही बीपीच्या गोळ्या यांची पातळी रक्तात वाढू शकते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीबरोबर घेतले तर जुलाब वाढू शकतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पूर्ण वर्ज्य, नवजात बाळाची कावीळ त्याने मेंदूपर्यंत जाऊ शकते.

सुट्या दारुहळदीचा काढा करून हे साधत नाही. लाकडात बर्बेरिन दोन-चार टक्के, तेही मुळाच्या सालीत जास्त आणि खोडाच्या तुकड्यात कमी. बाजारात बहुतेक वेळा खोडाचेच तुकडे येतात. शिवाय दक्षिणेकडून येणारी झाडाची हळद नावाची वेल त्याच नावाने विकली जाते. तिच्यातही बर्बेरिन असते, पण प्रमाण वेगळे. गाळ किती आणि औषध किती, हे काढ्याच्या भांड्याकडे बघून सांगता येत नाही.

विजयसार, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचा पेला. सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर जडीबुटीच्या पालात हा मांडलेला दिसतो. रात्री पाणी भरायचे, सकाळी चहाच्या रंगाचे पाणी प्यायचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या झाडावर चार केंद्रांत अभ्यास केला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला : नव्याने मधुमेह निघालेले ९७ रुग्ण, त्यांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात. विक्रेता हेच सांगतो, फक्त दोन गोष्टी गाळून. तिथे दिला होता तो मोजून दोन ते चार ग्रॅम अर्क, पेल्यातले पाणी नव्हे. आणि तुलनेला खोटी गोळी घेणारा गट नव्हता. पेल्यातून पहिल्या आठवड्यात रंग भरपूर उतरतो, महिन्या-दीड महिन्यात फिका पडतो, म्हणजे रोजचा डोस रोज वेगळा. आपल्या उन्हाळ्यात कोरडा ठेवला तर पेला तडकतो, ओला ठेवला तर आतून बुरशी धरतो. एक-दोन दिवसांत रंग संपला तर लाकूड दुसऱ्याच झाडाचे आणि वरून रंगवलेले. शोभेला ठेवायचा असेल तर घ्या.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी रसाच्या गाड्या लागतात, तिथे कारले-दुधी-आवळा एकत्र काढून देतात. यादीतली खरी धोकादायक गोष्ट हीच. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुर्बिटासिन हे विष वाढलेले असते. त्याच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावलेली आहेत. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने म्हणूनच सांगितले, की कडू लागलेला रस पिऊ नये आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नये. कारल्यात मिसळला की दुधीचा कडूपणा ओळखायचा कसा? गाडीवाल्याला नुसते कारले काढायला सांगा, आणि घरी दुधी चिरताना तुकडा जिभेला लावून बघा. नुसत्या कारल्याबद्दल बोलायचे तर झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात साखरेवर ठोस परिणाम सिद्ध झालेला नाही. भाजी खावी, रसाचा अट्टहास नको, लहान मुलांना तर नकोच. जांभळाच्या बियांच्या पुडीचेही तेच. पारंपरिक नाव मोठे, माणसांवरचा पुरावा तोकडा.

बाटलीतला "मेथी अर्क", "कारले अर्क" हा वाफ थंड करून काढलेला असतो. वाफेबरोबर सुगंधी तेले येतात, मेथीचा डिंक किंवा कारल्यातली कडू द्रव्ये येत नाहीत, ती भांड्यात मागे राहतात. पाण्याचे पैसे.

गुग्गुळाची गोष्ट वेगळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून आलेल्या त्याच्या शुद्ध अर्काचे एकेकाळी कोलेस्टेरॉलसाठी मोठे कौतुक झाले. मग २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर नीट तुलना करून चाचणी झाली. आठ आठवड्यांनी गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल चार-पाच टक्क्यांनी वाढलेले निघाले, काहींना अंगभर पुरळ आले. डिल्टियाझेम, प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या गोळ्यांचा जोरही तो कमी करतो. सांधेदुखीसाठी वैद्यांनी दिला असेल तर त्यांच्याशी बोला, कोलेस्टेरॉलसाठी स्वतःहून आणू नका. देवापुढे जाळायचा गुग्गुळ त्याच दुकानात मिळतो. त्यात राळ आणि माती असते, शोधन झालेले नसते. तो पोटात घ्यायचा नाही.

लसणाच्या पाकळ्या उपाशीपोटी गिळणाऱ्यांसाठी : अमेरिकेत स्टॅनफर्डला १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या गोळ्या किंवा खोटी गोळी देऊन पाहिले, लसणाने एलडीएल जागचे हलले नाही. शेंगाचटणीत जातो तेवढा पुरे. ऑनलाइन मिळणारा लाल यीस्ट तांदूळ कोलेस्टेरॉल खरेच उतरवतो, कारण त्यातले मोनाकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच. स्टॅटिनची गोळी चालू असताना तो घेणे म्हणजे तेच औषध दोनदा, आणि मग मांड्या-पोटऱ्या दुखतात.

तयार गोळ्यांत बीजीआर-३४ चे नाव सर्वाधिक घेतले जाते. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या लखनौच्या दोन प्रयोगशाळांतून निघालेले हे मिश्रण. दारुहळद, गुळवेल, विजयसार, गुडमार, मंजिष्ठा, मेथी. सुट्या पुडीपेक्षा हे कितीतरी बरे, घटक छापलेले आहेत आणि माल एकसारखा येतो. पण अडचण पुडीचीच, एका गोळीत सहा वनस्पतींना जागा किती मिळणार? शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवल्यापासून, ज्यांना थायरॉइडचा किंवा संधिवाताचा स्वप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार आहे त्यांनी गुळवेल असलेले काहीही विचारून घ्यावे.

आता सर्वांत वाईट माल. बिनलेबलची पावडर, दोन दिवसांत साखर २५० वरून १२० वर, "पथ्य नाही, गोळ्या बंद करा". झाडपाला इतका वेगाने काम करत नाही. अशा पावडरींत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्या कुटून घातलेल्या जगभर अनेकदा सापडल्या आहेत. "मधुमेह कायमचा बरा" ही जाहिरातच मुळात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंद आहे. तशी पाटी दिसली की पुढच्या दुकानात जावे.

साखर खाली घसरण्याचा धोका सर्वांत जास्त आहे तो ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना गुडमार वा बर्बेरिनची भर घातली की. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली की ग्लुकोमीटर लावावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. गोळीत व्होग्लिबोज असेल तर साखर पचायला वेळ लागतो, अशावेळी ग्लुकोज पावडरच हवी. घरात तिचा डबा असू द्यावा. ऑपरेशन ठरले तर हे सगळे दोन आठवडे आधी बंद.

गुण आला की नाही हे ठरवायला एका वेळी एकच वस्तू सुरू करावी. सुरू करण्याआधी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) आणि यकृताची तपासणी. कोलेस्टेरॉल आठ आठवड्यांनी, एचबीए१सी तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये. ग्लुकोमीटरच्या दोन आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक यंत्राचाच असू शकतो, १५० चे १४० झाले म्हणून पेढे वाटू नयेत. तीन महिन्यांत एचबीए१सी हलले नाही तर ती बाटली पुन्हा आणू नये.

खरेदी एकदम वर्षाची करू नका. मेथी अख्खी आणून पंधरा दिवसांपुरती दळावी, पूड उघडी राहिली की खवट होते. इसबगोल पावसाळ्यात ओल धरतो, त्याला घट्ट झाकणाची बरणी लागते. कॅप्सूलची बाटली गॅसच्या ओट्यावर किंवा गाडीच्या डिकीत नको. मे महिन्यात तिथे कॅप्सूलची टरफले एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, आणि मेडिकलवाला तो परत घेत नाही.